उत्तर लिहिलेलं असतं, तरी रात्री फोन येतोच: मेंटेनन्सच्या नॉलेज बेसचं समस्या निवारण

लक्षण ठरलेलं आहे. थर्ड शिफ्टला रात्री अडीच वाजता स्क्रू कंप्रेसर ‘हाय टेम्परेचर’ दाखवून ट्रिप होतो. ड्यूटीवरचा फिटर नॉलेज बेस, म्हणजे बिघाड आणि दुरुस्तीच्या नोंदींचा संगणकातला संग्रह, उघडून ‘कंप्रेसर ट्रिप’ असं टाकतो. एकतर काहीच येत नाही, नाहीतर फायलींची लांबलचक यादी येते. दोन फायली उघडून बघतो आणि सिनिअरला घरी फोन लावतो. सिनिअर अंथरुणातूनच सांगतो, “कूलर बघ, चोंदला असेल.” मशीन चालू होतं. लॉगबुकात ‘कूलर साफ केला, ओके’ एवढं लिहिलं जातं. तीन आठवड्यांनी ड्यूटीवर दुसरा फिटर असतो आणि पुन्हा तोच फोन जातो.

यावर बहुतेक ठिकाणी होणारे उपाय म्हणजे ‘सर्वांनी नोंदी लिहाव्यात’ असं सर्क्युलर, माणशी महिन्याला तीन नोंदींचं टार्गेट, उत्तम नोंदीला बक्षीस, आणि शेवटी नवं सॉफ्टवेअर. या सगळ्यांनी नोंदी वाढतात, फोन कमी होत नाहीत. बिघाड कुठे आहे हे न बघता पार्ट बदलत सुटावं, तसं ते आहे. नोंद लिहिणं हे कामापासून वेगळं, ‘फावल्या वेळात करायचं’ झालं, की तिचा दर्जा घसरतो. पुढचे सगळे उपाय नोंद परत कामाच्या जागी आणण्यासाठी आहेत.

हे निवारण कारखान्याच्या मेंटेनन्स विभागाला धरून लिहिलं आहे. आयटी हेल्पडेस्क, हॉस्पिटलचा बायोमेडिकल विभाग किंवा वीज उपकेंद्राची देखभाल असेल, तर मशीनचं नाव बदला. पायऱ्या त्याच राहतात.

आधी निदान: वीस ब्रेकडाउनची चाचणी

फोन येण्यामागे चारच कारणं असतात. उत्तर लिहिलेलंच नाही. लिहिलंय, पण सापडत नाही. सापडतं, पण त्यावरून काम करता येत नाही. किंवा काम करता येतं, पण उत्तर जुनं किंवा चुकीचं आहे. चारही बिघाड वेगळे आणि त्यांचे उपायही वेगळे, म्हणून कुठला बिघाड आहे हे आधी मोजायचं.

गेल्या दोन महिन्यांच्या रजिस्टरमधून वीस ब्रेकडाउन उचला. अवघडच हवेत असं नाही, जे पुन्हा पुन्हा होतात तेच घ्या. त्यातलं एकही काम ज्याने केलेलं नाही असा एक फिटर किंवा इलेक्ट्रिशियन बसवा. त्याला फक्त लक्षण सांगा आणि तेही मशीनवरचा ऑपरेटर सांगेल त्या शब्दांत. प्रत्येक लक्षणाला तीन मिनिटं द्या. त्याने स्वतःच्या लॉगिनने शोधायचं. तुम्ही शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. तो नेमके कोणते शब्द टाइप करतो ते जसेच्या तसे लिहून ठेवा. ही यादी पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते. प्रत्येक ब्रेकडाउनसमोर चारपैकी एक खूण करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

‘स्वतःच्या लॉगिनने’ हे महत्त्वाचं आहे. ज्याला ज्या फोल्डरची परवानगी नाही, त्याच्या शोधात त्या फोल्डरमधल्या फायली दिसतच नाहीत. ॲडमिनच्या लॉगिनला सगळं दिसतं, म्हणून ‘आमच्याकडे तर सापडतं’ असं उत्तर येतं. कंत्राटी फिटरला लॉगिनच नसतं, हे तर नेहमीचंच. चाचणीत वीसपैकी बऱ्याच खुणा ‘सापडत नाही’वर पडल्या, तर सगळ्यात आधी परवानग्या तपासा. कधीकधी निम्मं काम तिथेच होतं.

बिघाड पहिला: आहे, पण सापडत नाही

मराठीत नोंदी ठेवणाऱ्या विभागांत सगळ्यात जास्त दुर्लक्षित बिघाड हाच आहे, आणि त्यातलं बरंचसं अक्षरांच्या पोटात दडलेलं असतं.

पहिला संशय जुन्या फॉन्टवर घ्या. श्रीलिपी, कृतीदेव, आयएसएमचे सुरेख-योगेश अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायली स्क्रीनवर सुंदर मराठी दिसतात. पण फायलीच्या आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. शोधयंत्र मुखवटा बघत नाही, कोड बघतं. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, ‘कूलर’ टाकलंत, तर त्या फायलीत ‘कूलर’ नाहीच. तपासायला दहा सेकंद लागतात. फायलीतली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच दिसली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर जुना फॉन्ट.

रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण रूपांतर झालं म्हणजे काम झालं असं समजू नका. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे चुका राहतात, त्या निदान वाचताना कळतात. खरा धोका आकड्यांत आणि चिन्हांत असतो. अंशाचं चिन्ह, अधिक-उणे, दशांश चिन्ह यांची जागा जुन्या फॉन्टमध्ये वेगळी असू शकते. ‘२.५ बार’चं ‘२५ बार’ झालं तर ती नोंद नसलेलीच बरी. म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक आकडा मूळ छापील कागदाशी ताडून बघायचा, तोही दोघांनी मिळून. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं.

दुसरा संशय युनिकोडवरच घ्या. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. ‘ॲलार्म’ हा शब्द घ्या. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये ०९७२ या क्रमांकावर एकसंध दिलेलं आहे, ते २००८ साली आलेल्या ५.१ आवृत्तीपासून. पण अनेक कीबोर्डवर आजही ‘अ’ आणि वर चंद्र अशा दोन तुकड्यांत ‘अॅ’ उमटतो. दिसायला जवळजवळ सारखेच, शोधायला दोन वेगळे शब्द. त्यात काही जण ‘अलार्म’ लिहितात. एकाच बिघाडाच्या तीन नोंदी तीन वेगळ्या कप्प्यांत जातात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण पहिलेच. ‘दुसऱ्या’ या शब्दाचंही तसंच. यातला अर्धा र ‘ऱ’ आणि हलन्त यांनीही होतो, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक यांनीही होतो. एका सिस्टिममधून दुसरीत मजकूर नेताना तो अदृश्य जोडक गळाला, की ‘दुसर्या’ असं चुकीचं रूप उरतं.

उपाय दोन. आयटीवाल्यांना सांगून शोधाच्या इंडेक्समध्ये (शोधयंत्र ज्यात शब्द बघतं त्या सूचीत) शिरण्याआधी मजकूर एकसारखा करून घ्या: दोन तुकड्यांच्या ‘अॅ’ला एकसंध ‘ॲ’, दोन्ही अर्ध्या ‘र’ना एकच रूप, आणि ते झाल्यानंतरच अदृश्य जोडक काढायचे. क्रम उलटा केलात तर वर सांगितलेली ‘दुसर्या’ची चूक तुम्हीच कराल. हीच प्रक्रिया शोधायला टाकलेल्या शब्दावरही व्हायला हवी, नाहीतर उपयोग नाही. आयटीची मदत मिळत नसेल तर दुसरा उपाय हाती आहे. प्रत्येक नोंदीत ‘लोक काय म्हणतात’ अशी एक ओळ ठेवा आणि तिच्यात सगळी रूपं कोंबा. बेअरिंग, बेरिंग, बेअरींग. मोटर, मोटार. ड्राइव्ह, व्हीएफडी, इन्व्हर्टर. तुमच्याकडे रोमन लिपीत टाइप करून शोधायची सवय असेल, तर रोमन रूपंही त्याच ओळीत द्या. वीस ब्रेकडाउनच्या चाचणीत लिहून ठेवलेले शब्द इथे आधी भरा.

या ओळीत अशुद्ध रूपं मुद्दाम घालायची आहेत. कुणी ‘दुरुस्त’ करून काढून टाकू नये, म्हणून तसं फॉर्मवरच लिहून ठेवा. नोंदीचा दर्जा म्हणजे शुद्धलेखन नव्हे. वेलांट्या चुकल्याबद्दल एखाद्या फिटरची नोंद परत पाठवलीत, तर तो पुन्हा लिहिणार नाही. आणि पंधरा वर्षं त्या मशीनवर हात काळे केलेला माणूस तोच असतो.

मीडियाविकीवर (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) काम करत असाल तर पुनर्निर्देशनाची, म्हणजे एका पानावरून दुसऱ्याकडे वळवण्याची, सोय आहे. मराठी विकिपीडियावर वेगवेगळ्या लेखनरूपांची पानं मुख्य लेखाकडे वळवतात, तेच तंत्र इथे वापरा. मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट असेल तर शोधाच्या अहवालांत ‘निकाल न मिळालेले शोध’ अशी यादी मिळते. दर सोमवारी ती काढून त्यातले शब्द योग्य नोंदींत टाका. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि सगळ्या उपायांत कमी कष्टात जास्त फळ देणारं हेच.

स्कॅन केलेल्या पीडीएफ म्हणजे फोटो, त्यांत अक्षरं नसतात. छापील कागद असतील तर ३०० डीपीआयला स्कॅन करून ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवा. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी आणि इंग्रजी एकत्र वाचतं. हाताने लिहिलेल्या लॉगबुकावर मात्र वेळ घालवू नका. त्यातल्या वारंवार घडणाऱ्या गोष्टी माणसाने बसून टाइप केलेल्या परवडतात. आणि नवी नोंद पीडीएफमध्ये ठेवू नका. युनिकोड मराठीची पीडीएफसुद्धा शोधात अनेकदा तुटते, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. नोंद साध्या वेबपानावर असावी.

राहिला व्हॉट्सॲपचा ग्रुप. खरा नॉलेज बेस बहुतेक ठिकाणी तोच असतो, आणि तो बंद करायचा प्रयत्न फसतो. बंद करू नका. शिफ्ट हँडओव्हरच्या वेळी शिफ्ट इन्चार्जने त्या पाळीतले कामाचे मेसेज आणि फोटो संबंधित नोंदीला जोडायचे, एवढा नियम करा. आठवड्याने जोडू म्हणालात, की फोटोतलं पॅनल कुठल्या मशीनचं, हेच आठवत नाही.

बिघाड दुसरा: सापडतं, पण त्यावरून काम होत नाही

ही एका नमुना नोंदीची जुनी अवस्था:

‘कंप्रेसर प्रॉब्लेम. टेम्परेचर जास्त येत होते. कूलर क्लीन केला व ट्रायल घेतली. ओके.’

यात खोटं काही नाही. पण रात्री अडीचला याचा उपयोग शून्य आहे. कंप्रेसर कुठला, किती तापमानाला ट्रिप झाला, चालू केल्यावर किती वेळाने, कूलर चोंदलाय हे कशावरून ठरवलं, कशाने साफ केला, ‘ओके’ म्हणजे नेमकं काय, यातलं काहीच नाही. यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘किती वेळाने’ हे नसणं. चालू केल्यावर तापमान सावकाश चढत दहा-पंधरा मिनिटांनी ट्रिप झाला, तर संशय कूलर, पंखा आणि खोलीतल्या उष्णतेवर जातो. मिनिटभरात झपाट्याने चढलं, तर तेल फिरतच नाही असा संशय घ्यावा लागतो. मग पातळी, ऑइल फिल्टर, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह, ऑइल स्टॉप व्हॉल्व्ह हे बघायचं. डिस्प्लेवर दोन्हींचा मेसेज एकच दिसतो, पण दुसऱ्या बिघाडात पुन्हा पुन्हा रीसेट मारलं तर एअरएंडच, म्हणजे कंप्रेसरचा हवा दाबणारा मुख्य भागच, जाण्याची भीती असते. अनुभवी माणूस हा प्रश्न फोनवर न विचारता मनातच सोडवतो, म्हणून तो लेखी उतरत नाही.

तीच नोंद सुधारून अशी होते. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमधले टाका.

*शीर्षक:* एसी-०३ स्क्रू कंप्रेसर: ११० अंशाला हाय टेम्परेचर ट्रिप, तापमान सावकाश चढून १०-१५ मिनिटांनी.

*आधी हे बघा:* मिनिटभरात ट्रिप होत असेल तर ही नोंद लागू नाही. रीसेट करू नका, ‘एसी-०३ तेल फिरत नाही’ ही नोंद उघडा.

*कुठे:* एसी-०३, एअर-कूल्ड, ऑइल-इंजेक्टेड. एसी-०१ आणि ०२ वॉटर-कूल्ड आहेत, त्यांना लागू नाही.

*कारण:* ऑइल कूलरच्या फिन्समध्ये तेलकट धूळ. शेजारच्या ग्राइंडिंग सेक्शनची धूळ पंखा आत ओढतो.

*काय करायचं:*
१. स्टॉप द्या, आयसोलेटर बंद, लॉक आणि टॅग. सेपरेटर टाकीचं गेज शून्यावर येईपर्यंत ऑइल फिलरची टोपी सैल करायची नाही. गरम तेल अंगावर येतं.
२. १० मिनिटं थांबून साइट ग्लासमध्ये तेल बघा. अर्ध्याच्या खाली असेल तर आधी तेल भरा, त्याच ग्रेडचं.
३. कूलरच्या मागून टॉर्च मारा. उजेड आरपार दिसत नसेल तर चोंदला आहे.
४. एसी-०१च्या लाइनमधून २ ते ३ बारची हवा मारा, पंख्याची हवा ज्या दिशेने जाते तिच्या उलट दिशेने. नोझल हातभर लांब धरा. जास्त दाबाने फिन्स आडव्या होतात आणि मग कूलर कायमचा अर्धा बंद. चष्मा आणि मास्क घाला.
५. धूळ तेलाने चिकटली असेल तर हवेने निघत नाही. डिग्रीझर मारून, मोटर आणि पॅनल झाकून, धुवा. पूर्ण सुकल्यावरच चालू करा.

*झालं हे कशावरून:* फुल लोडवर ३० मिनिटं चालवा. तापमान ९५ च्या खाली स्थिर राहिलं पाहिजे.

*नाही झालं तर:* पंखा उलटा फिरतोय का बघा (पंख्याची मोटर बदलल्यावर दोन फेज उलटे लागतात), मग खोलीचं तापमान, मग थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह.

फरक लांबीत नाही. जुन्या नोंदीत लिहिणारा स्वतःचं काम नोंदवत होता, नव्या नोंदीत वाचणाऱ्याच्या हाताला धरून नेतोय. ‘झालं हे कशावरून’ आणि ‘नाही झालं तर’ या दोन ओळी बहुतेक नोंदींत नसतात, आणि फोन बहुतेक वेळा तिथूनच येतो.

शीर्षकात उपाय घालू नका. ‘कूलर साफ करणे’ असं शीर्षक असेल, तर ज्याला उपाय माहीत आहे त्यालाच ते सापडेल. शीर्षक म्हणजे मशीन नंबर आणि दिसणारं लक्षण, ऑपरेटरच्या तोंडच्या शब्दांत.

फोटो द्यायचे तर तीन पुरतात: बिघडलेलं, दुरुस्त झालेलं, आणि हात कुठे घालायचा ती जागा. जागेच्या फोटोवर बाण काढा. क्लोजअप घेताना थोडं मागे येऊन दुसराही घ्या, नुसत्या क्लोजअपवरून व्हॉल्व्ह मशीनच्या कुठल्या बाजूला आहे ते कळत नाही.

बिघाड तिसरा: जुनं झालेलं उत्तर

‘सगळ्या नोंदी वर्षातून एकदा तपासाव्यात’ हा नियम कागदावर चांगला दिसतो. प्रत्यक्षात मार्चअखेरीला एक माणूस संगणकासमोर बसून चारशे नोंदींवर ‘तपासले’चं बटण दाबतो. ज्या नोंदीला तारीखच नाही, तिच्यापेक्षा अशी खोटी ताजी तारीख असलेली नोंद जास्त घातक, कारण लोक तिच्यावर विश्वास ठेवतात.

वापर हीच तपासणी धरायची. कन्सॉर्टियम फॉर सर्व्हिस इनोव्हेशन या संस्थेने १९९२ पासून घडवलेल्या केसीएस (नॉलेज-सेंटर्ड सर्व्हिस) पद्धतीचा हा गाभा आहे. जो नोंद वापरतो तोच ती तपासतो. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करतो, तेवढं ज्ञान किंवा अधिकार नसेल तर खूण करून ठेवतो. यासाठी नोंदीच्या तळाशी तीन बटणं पुरेत: ‘जसंच्या तसं चाललं’, ‘बदल केला’, ‘चाललं नाही’. तिसरं बटण दाबल्यावर एक ओळ लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये, आणि नोंद त्याच दिवशी तिच्या मालकाकडे गेली पाहिजे. मालक म्हणजे विभाग नव्हे, माणूस. तो बदलून गेला किंवा निवृत्त झाला, तर त्याच्या नोंदी कुणाकडे गेल्या हे एचआरच्या क्लिअरन्स फॉर्मवर यायला हवं.

नोंदीला तीन अवस्था ठेवा: कच्ची, वापरून पाहिलेली, पक्की. कच्ची नोंदही सगळ्यांना दिसू द्या, फक्त वर ठळक ‘कच्ची’ असं लिहा. पक्की होईपर्यंत झाकून ठेवलीत, तर मधल्या काळात तोच बिघाड तिघे तीन वेळा नव्याने सोडवतात. लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी तरी ती वापरून काम केलं, की ‘वापरून पाहिलेली’. पक्की ठरवणारा मात्र त्या मशीनचा जाणकारच हवा. झेरॉक्स कंपनीने १९९० च्या दशकात दुरुस्ती तंत्रज्ञांसाठी युरेका नावाची टिपांची व्यवस्था उभी केली, तिची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तिथे तंत्रज्ञाने पाठवलेली टीप अनुभवी तंत्रज्ञच तपासत आणि टिपेखाली तिच्या लेखकाचं नाव राही. नाव ठेवण्याचा भाग आपल्याकडे नेमका गळतो. नोंदीखाली ‘मेंटेनन्स विभाग’ असं लिहिलेलं असतं. कृपा करून फिटरचं नाव लिहा. त्या नोंदीवर त्याचा हक्क आहे, आणि शंका आली तर विचारायचं कुणाला हेही कळतं.

काही नोंदी वापरावर सोडून चालत नाहीत. पार्ट बदलला, तेलाची ग्रेड बदलली, पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम बदलला, की जुनी नोंद त्याच क्षणी चूक ठरते. म्हणून बदलाच्या मंजुरी फॉर्मवर एक ओळ वाढवा: ‘या बदलाने कोणत्या नोंदी बदलतात? क्रमांक लिहा.’ रिकामी असेल तर फॉर्म पुढे जाणार नाही. ‘एकही नाही’ असं लिहायला हरकत नाही, पण ते कुणी तरी शोधून, सही करून लिहावं.

आकडे दोन ठिकाणी ठेवू नका. टॉर्क, दाब, तापमानाच्या मर्यादा या नियंत्रित दस्तऐवजांत, म्हणजे मंजुरीशिवाय बदलता न येणाऱ्या कागदपत्रांत, असतात. तिथला आवृत्ती क्रमांक बदलतो, पण नॉलेज बेसमध्ये कॉपी केलेला आकडा तसाच राहतो. जिथे असा दस्तऐवज आहे, तिथे नोंदीत आकड्याऐवजी त्याची लिंक द्या. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातलं ७.१.६ कलम संस्थेचं ज्ञान जपायला आणि गरजेप्रमाणे उपलब्ध ठेवायला सांगतं, ७.५ दस्तऐवजांवरच्या नियंत्रणाबद्दल आहे. दोन्हींची गल्लत करून प्रत्येक कच्च्या नोंदीला डॉक्युमेंट नंबर आणि तीन सह्या लावल्यात, तर कुणी लिहिणार नाही. सुरक्षा आणि प्रोसेसचे आकडे नियंत्रित ठेवा, बिघाडाच्या नोंदी मोकळ्या ठेवा.

अठरा महिन्यांत एकदाही न उघडलेल्या नोंदी शोधातून काढून संग्रहात टाका. अपवाद फक्त क्वचित पण गंभीर घटनांचा: आग, गॅसगळती, ट्रान्सफॉर्मर बिघाड. ही साफसफाई आता जास्त निकडीची झाली आहे. बऱ्याच ठिकाणी नॉलेज बेसवर एआयचा चॅट बसवतात. जुनी आणि नवी नोंद दोन्ही समोर असतील, तर तो दोन्हींतलं थोडं थोडं घेऊन एक ठाम उत्तर देऊ शकतो, आणि त्यातली कुठली पायरी रद्द झालेली आहे हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

एकाच बिघाडाच्या तीन नोंदी सापडल्या, तर जिला सगळ्यात जास्त लिंक आहेत तिचा क्रमांक राखा, बाकीच्यांतलं कामाचं तिच्यात आणा आणि बाकीचे क्रमांक तिच्याकडे वळवा. क्रमांक पुसू नका, कुठल्या तरी पॅनलवर तोच चिकटवलेला असतो. मशीनवर क्यूआर स्टिकर लावायचे तर ते मशीनच्या पानाकडे नेणारे असावेत, एकेका फाइलकडे नको. फाइल हलली की स्टिकर मेला. पॅनलच्या दाराबाहेर, कूलंट उडत नाही अशा उंचीवर लावा. आतून लावलेत तर नोंद वाचायला चालू पॅनल उघडावं लागेल.

बिघाड चौथा: लिहिलेलंच नाही

इथे फारसं गूढ नाही. काम संपल्यावर ‘नंतर लिहू’ म्हटलेलं लिहिलं जात नाही. लिहिण्याची जागा वर्क ऑर्डर (त्या दुरुस्तीच्या कामाचा फॉर्म) बंद करण्याच्या आधीच ठेवा: ‘कोणती नोंद वापरली?’ क्रमांक किंवा ‘नवी’. ‘नवी’ निवडलं की लक्षण, मशीन आणि काय केलं हे तीनच रकाने उघडावेत. पाच-सात मिनिटांत होतं. आवाजी टायपिंगने मराठीत बोललं तरी चालेल, हिंदी मिसळली तरी चालेल.

आणि रात्रीच्या फोनचा नियम. सिनिअरने पहिला प्रश्न विचारायचा, “काय टाकून शोधलंस?” हा प्रश्न दरडावून नको, शोधाचे शब्द मिळावेत म्हणून. मग उत्तर द्यायचंच, मशीन बंद ठेवून शिकवणी घेऊ नये. फोन ठेवल्यावर फिटरने लक्षण लिहून कच्ची नोंद करायची, सकाळी सिनिअरने त्यात कारण आणि ‘नाही झालं तर’ भरायचं. दोघांचीही नावं खाली.

माणशी नोंदींचं टार्गेट काढून टाका. संख्या मागितलीत की संख्या मिळते. मॅन्युअलची पानं कॉपी होतात, एक नोंद तीन तुकड्यांत येते. त्याऐवजी वर्क ऑर्डरला जोडलेल्या नोंदी आणि दुसऱ्याच्या नोंदीत केलेल्या दुरुस्त्या बघा, त्याही टार्गेट म्हणून नव्हे. दर आठवड्याला प्रत्येक शिफ्टमधला एक जाणकार दहा नोंदी उचलून पाच हो-नाही प्रश्न तपासतो: मशीन क्रमांक आहे का, लक्षण ऑपरेटरच्या शब्दांत आहे का, ओळखायची खूण आहे का, पडताळा आहे का, या बिघाडाची ही एकच नोंद आहे का. ‘नाही’ आलं तर लिहिणाऱ्याशेजारी बसून दोघांनी ते दुरुस्त करायचं. ईमेलने शेरा पाठवून ते होत नाही.

तीन महिन्यांनी वीस ब्रेकडाउनची चाचणी पुन्हा घ्या, नव्या माणसासह आणि नव्या वीस ब्रेकडाउनांवर. ‘सापडत नाही’च्या खुणा कमी झाल्या नसतील, तर पुढचं सगळं थांबवून शोधाच्या शब्दांकडे परत जा.

एक नोंद महिन्यात पाच-सहा वेळा वापरली गेली आणि दर वेळी ‘जसंच्या तसं चाललं’ असं आलं, तर त्या नोंदीत सुधारायचं काही उरलेलं नाही. तिचा वापराचा आकडा घेऊन मूळ कारणाच्या मीटिंगला जा. एसी-०३ च्या बाबतीत मागणी दोन गोष्टींची असेल: गरम हवा बाहेर नेणारं डक्टिंग, आणि हवा आत येते तिथे ग्राइंडिंगची धूळ अडवणारा, काढून धुता येईल असा फिल्टर. फिल्टर धुण्याची तारीख पीएमच्या (ठरावीक काळाने करायच्या देखभालीच्या) शेड्यूलमध्ये टाका. डक्ट लांब असेल तर त्यात वेगळा एक्झॉस्ट फॅन लागतो, तो मागणीतच लिहा. नाहीतर कूलरचा पंखा हवा ढकलू शकत नाही आणि कंप्रेसर पुन्हा ११० ला ट्रिप होतो, या वेळी कूलर स्वच्छ असताना.